नावडत्या अक्षरांचा पूल

मुलांनो, कल्पना करा, एक छोटी नदी आहे आणि तिच्यावर एक म्हातारा लाकडी पूल आहे. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

पूल डगमगू लागला, तेव्हा पूल खात्याने तातडीने योग्य ती कारवाई केली, म्हणजे जुनी पाटी काढून नवी पाटी लावली. पाटी सर्वांना दिसावी म्हणून ती पुलाच्या बरोबर मध्यावर लावण्यात आली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पूल धोकादायक आहे. येथे थांबू नये.’ अक्षरं गुबगुबीत आणि गुलाबी होती. वाढदिवसाच्या केकवर असतात ना, अगदी तशी. कोपऱ्यात खात्याचं नवं बोधचिन्ह होतं. खात्याच्या मते तो प्रगतीचा प्रवाह होता. बघणाऱ्यांच्या मते ती उलटी मिशी होती.

लोकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“धोका सांगताय आणि खिदळताय काय?” पाववालीबाई पाटीकडे बघून म्हणाल्या. “आमच्या धाकट्या जाऊबाई अशाच. वाईट बातमी सांगतील ती हसत हसत!”

गावातल्या छोट्या भिंगरीचे बाबा शिंपी होते. कापडाचा असो की अक्षराचा, बाक चुकलेला त्यांना सहन होत नसे. ते पाटीसमोर जे थांबले ते हललेच नाहीत.

भिंगरी त्यांचा हात ओढत म्हणाली, “बाबा, वाचलंत का काय लिहिलंय?”

“वाचायचं काय त्यात? तो ‘ध’ बघ! पोट सुटलेल्या माणसाला लहान भावाचा सदरा घातलाय नुसता.”

“पण बाबा, इथं थांबू नये म्हणतायत.”

“थांबल्याशिवाय दोष कसे दिसणार, बाळ?”

तक्रारी खात्याकडे गेल्या. पूल-अधिकारी न्यायप्रिय होते. नापसंती ऐकीव असू नये म्हणून त्यांनी जाहीर केलं, की पाटी ज्यांना आवडत नाही त्यांनी पाटीसमोर उभं राहूनच ती नापसंत करावी. लांबून केलेली नापसंती ग्राह्य धरली जाणार नाही.

झालं! अख्खं गाव पुलावर आलं. म्हाताऱ्यांना उभं राहवेना, म्हणून खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून टेबल आलं, टेबल आलं म्हणून त्यामागे अधिकारी बसले. जुन्या पाटीची अक्षरं कशी सरळ, घरंदाज होती, असं सगळे उसासे टाकून सांगू लागले. जुनी पाटी होती तेव्हाही हीच मंडळी तिला नाकं मुरडत होती, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं. मग मिशीची बाजू घेणारे चार तरुण आले. त्यांच्याशी भांडायला आणखी माणसं आली.

पूल करकरला.

“साहेब, आवाज येतोय,” भिंगरी म्हणाली.

“आवाजाच्या तक्रारी दुसऱ्या खात्याकडे,” अधिकारी प्रेमाने म्हणाले. “इथे फक्त दिसण्याच्या.”

भिंगरीने फळ्यांमधल्या फटीतून खाली पाहिलं. मधला खांब गुडघे टेकल्यासारखा वाकला होता, आणि त्याच्या थेट वर तिचे बाबा उभे राहून ‘ध’चं माप घेत होते. तिने त्यांना ओढलं, ढकललं, रडूनही पाहिलं. “एवढं आटोपू दे गं,” बाबा म्हणाले.

तेव्हा भिंगरी पलीकडच्या काठावर धावली. तिथे एक फळकूट पडलेलं होतं. त्यावर तिने ओल्या चिखलात बोटं बुडवून ‘पूल धोकादायक आहे’ असं लिहिलं. एक अक्षर हत्तीएवढं, दुसरं मुंगीएवढं, तिसरं आडवं झोपलेलं. खाली चिन्ह म्हणून तिने आपला चिखलाचा तळवा उमटवला. मग बेंबीच्या देठापासून ओरडली, “अहो, इकडे याहून घाणेरडी पाटी आहे!”

पुलावरच्या सगळ्या माना वळल्या.

“याहून?” पाववालीबाईंनी पदर खोचला.

जो तो धावत सुटला. बाबा माप घ्यायची फीत हातात घेऊन सर्वांच्या पुढे, अधिकारी सर्वांच्या मागे. त्यांचा पाय काठाला लागतो न लागतो तोच पूल कडाड्कन मोडला आणि खुर्च्यांसकट पाण्यात बसला. कोणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“शी! हे अक्षर आहे की लोळण?” बाबा आनंदाने म्हणाले. भिंगरीने त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

मनसोक्त नापसंती झाल्यावर मंडळी घरी जायला वळली आणि मग पूल नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. “घाबरू नका. नवा पूल होईल. काम आजच सुरू. पाटीवरची अक्षरं निवडायला समिती हवी. कोणकोण येणार?”

सगळ्यांचे हात वर गेले. वाचता वाचता तुमचाही गेला, मी पाहिला. लाजू नका.

भिंगरीने मात्र चिखलाचा हात वर केला नाही. तिने त्याच हाताने अधिकाऱ्यांची पांढरी बाही ओढली आणि विचारलं, “साहेब, आणि खांब कसले घालणार?”