बिराजदार सरांचे संदर्भ

सोलापूरच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजचा शिपाई घाम पुसत म्हणाला, "सर, आज ऊन लई हाय," तर बिराजदार सर चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "संदर्भ?"

घरीही तेच. एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनी म्हणाल्या, "शेंगाचटणी आवरा आता, पित्त होतं."

"कुणी म्हटलंय? कुठल्या अंकात?"

"माझ्या आईनं म्हटलंय. अंकबिंक काही नाही," असं म्हणत वहिनींनी वाटीच उचलून नेली.

सर रसायन शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी. इतर प्राध्यापक गाईडं लिहीत, सर शोधनिबंध लिहीत. तेही एका विषयाला धरून नाही. मिलच्या रंगीत सांडपाण्यावर एक, दगडी भिंतींच्या उष्णतेवर एक, ज्वारीच्या काणीवर एक. काणी म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा रोग. त्यामुळे वनस्पतीवाले म्हणत, हा रसायनवाला. रसायनवाले म्हणत, हा भरकटला.

"मी कशाला भरकटतोय?" सर म्हणायचे. "गावात जे दिसतं त्यावर लिहितो. गावानंच एक विषय धरलेला नाही!"

दुःख एकच. या निबंधांचा उल्लेख जगात कुणी करत नव्हतं. कुणाचा आधार कुणी घेतला याची जाडजूड सूची परदेशातून निघते, आणि ती पुण्याच्या एका ग्रंथालयात येते, एवढं त्यांना कळलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत लोक सासुरवाडीला जात, सर भिंग घेऊन पुण्याला.

एका वर्षी परतले ते भज्यांचा पुडा घेऊनच. "सापडलं! बिराजदार! छापील!"

आम्ही भजी संपवली. मग कुणीतरी विचारलं, "पण उल्लेख केलाय कुणी?"

सरांनी टिपण उलगडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. "अय्यो," ते हळूच म्हणाले. "मीच की. मागच्या निबंधात माझाच आधीचा दिला होता."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. सरही हसले. "म्हणजे निदान एकानं तरी वाचलाय," म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी अशा वेषातले एक वयस्क गृहस्थ स्टाफरूमच्या दारात उभे राहिले.

"बिराजदार सायेब हितंच बसत्यात व्हय?"

हे जगताप. केम गावाहून रेल्वेनं आलेले. तरुणपणी शेतकी फार्मवर नोकरीला होते. तेव्हा काणी होऊ नये म्हणून बियाण्याला गंधक चोळण्यावर त्यांचा एक लेख एका छोट्या मासिकात आला होता. पुढं नोकरी सुटली, मासिक बंद पडलं, जगताप गावी शेती करू लागले. बिराजदार सरांनी तो लेख कुठूनतरी हुडकून आपल्या निबंधात त्याचा आधार घेतला होता. शिवाय चार ठिकाणी चौकशी करून पत्ता मिळवला आणि छापील प्रत टपालानं पाठवली. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

जगतापांनी पिशवीतून ती प्रत काढली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "माजं नाव हाय की हितं. घरच्यांना वाटायचं, म्हातारा फार्मवर नुसता पाणी देत व्हता."

सर अवघडले.

"उपकार म्हणून नाही दिलं हो," ते घाईनं म्हणाले. "कामाचा होता म्हणून दिला. तुमच्या लेखावाचून माझं पुढं सरकलंच नसतं."

शिपायानं चहा आणला. जगतापांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "सायेब, एक इचारू का? गंधक तापलं की बेण्याला धरून ऱ्हात न्हाय, असं तुमी लिवलंय. इंग्रजी म्हणून नातवाकडनं दोनदा वाचून घेतलं म्या. मग सावलीतच चोळलं, आन् सावलीतच वाळवलं तर?"

इतक्या वर्षांत सरांना त्यांच्या लिखाणावर कुणी प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता.

तासाची घंटा झाली. सर उठले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून जगतापांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली.

"नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा एकदा विचारा की."

सरांचे कान चांगले तिखट होते. पण जगतापांनी बशी खाली ठेवली आणि आवाज चढवून सगळा प्रश्न पहिल्यापासून विचारला.