पूर्वजांच्या हाडांची साक्ष

एका जंगलात, मुलांनो, उग्रकेसर नावाचा सिंह राज्य करत होता. करवंदीच्या जाळीखाली पडून तो दिवसभर राज्याचा विचार करी. विचार करताना तो घोरत असे. शिकार राणी धुरपदा आणि तिच्या बहिणी करत. पहिला घास मात्र राजाचा.

एकदा धुरपदा लंगडत आली. पोट खपाटीला गेलेलं. मारलेलं सांबर तिने राजापुढे टाकलं.

"आजपासून जी मारील, ती आधी खाईल," ती म्हणाली.

राजा खडबडून जागा झाला. "अगं, पूर्वापार सिंहच शिकार करत आले! पहिला घास म्हणजे आमच्या पूर्वजांच्या घामाचा मान."

"तो घाम बघितलाय कुणी?"

त्याच सुमारास नदीची दरड कोसळून दोन जुने सांगाडे उघडे पडले होते. एक सिंहाचा, एक सिंहिणीचा. राजा म्हणाला, "चल, पूर्वजांनाच विचारू."

सायाळबाईंना बोलावणं गेलं. सायाळ जन्मभर हाडं कुरतडते. हाडांतलं तिच्याइतकं कुणाला कळणार? तीन दिवस त्या नदीकाठी हाडं उलटीपालटी करत बसल्या. मग दरबार भरला.

"ही सिंहीण," सायाळबाई म्हणाल्या. "पुढच्या पायाच्या हाडावर, जिथे स्नायू चिकटतो तिथे, जाड कंगोरा उठलाय. जन्मभर ओढाताण केल्याशिवाय तो असा उठत नाही. तीन बरगड्या मोडून पुन्हा सांधल्यात. सावजांच्या लाथा खाल्ल्यात हिने."

"आणि आमचे पूर्वज?"

"त्यांची हाडं फार सुरेख आहेत, महाराज. वापरलेलीच नाहीत."

तरस खो खो हसला. तरस नेहमीच हसतो, म्हणून त्याला माफी मिळाली. सायाळबाईंना मिळाली नाही. "बाई, तुमचे काटे दरबाराला टोचतात," असं सांगून त्यांना बाहेर काढलं.

मग कोल्होबांचं मत मागवलं. मांस संपलं की हाडाकडे ढुंकूनही न बघणारे हे विद्वान. त्यांनी सांगाडे लांबूनच पाहिले.

"सिंहाची हाडं शाबूत, कारण तो एका फटक्यात सावज पाडी. सिंहिणीच्या बरगड्या मोडल्या, कारण ती मधेमधे लुडबुडे."

"आणि तो कंगोरा?" धुरपदाने विचारलं.

"सावज घरी ओढून आणणं, राणीसाहेब, हे बायकांचंच काम."

दरबार वाहवा म्हणाला. पहिला घास राजाचा, असा निकाल लागला.

"मान्य," धुरपदा शांतपणे म्हणाली. "शिकार तुम्हीच करता, हे ठरलं. मग उद्यापासून करा." बहिणींना आणि बछड्यांना घेऊन ती नदीपलीकडे निघून गेली.

राजा शिकारीला निघाला. पहिल्या दिवशी नीलगाय पळाली. दुसऱ्या दिवशी ससा पळालासुद्धा नाही, नुसता बाजूला सरकला. तिसऱ्या दिवशी एक बेडूक मिळाला. चौथ्या दिवशी राजाने शेपूट खाली घालून नदी ओलांडली.

धुरपदा पोटभर जेवून बछड्यांना चाटत होती. तिने वर पाहिलं.

"उरलंय थोडं," ती म्हणाली. "खा."

राजा खाली मान घालून जेवला. कोल्होबांनी लगेच नोंद केली: 'महाराज नदीपलीकडच्या मोहिमेवर.'

आता त्या जंगलाच्या शाळेत बछडे घोकतात, 'प्राचीन काळी सिंह शिकार करत.' घोकताना तोंडात आईने आणलेलं मांस असतं, त्यामुळे शब्द नीट कळत नाहीत. पण गुण पूर्ण मिळतात.

तात्पर्य: हाडं खोटं बोलत नाहीत. म्हणून शहाण्याने मरण्याआधीच एक कोल्हा नेमून ठेवावा.