पाच कड्यांची हद्द

ऑलिंपिकची पाच कडी पाहून कुणाला जगाची एकी आठवते, कुणाला हॉकी. आमच्या शेजारच्या दाजी खवणेकरांनी ते चित्र डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं आणि मला विचारलं, "मास्तरांनू, ह्यात अतिक्रमण कोणाचा?"

दाजींचं सगळं असंच. नकाशा असो, रांगोळी असो, त्यांना आधी हद्द दिसते. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांच्या पानात सोलकढी भाजीकडे वाहायला लागली, तर गृहस्थाने मधोमध कुंपणासारखा भाताचा गडगा घातला आणि मगच पहिला घास घेतला.

ती कडी माझ्या गळ्यात आली हेडमास्तरांमुळे. तालुक्यातल्या शाळांचे खेळ यंदा आमच्या शाळेत होते. हेडमास्तरांनी फर्मान सोडलं, मोठ्या फळीवर ऑलिंपिकची कडी रंगवा. नमुना काय, तर वर्तमानपत्राचं कात्रण. काळं-पांढरं! रंग त्यांना पाठ होते, निळा, पिवळा, काळा, हिरवा, तांबडा. पण कुठला कुठे, ते माहीत नव्हतं. एक कडं म्हणजे एक खंड, असंही त्यांनी सांगितलं. सुट्टीवर आलेला एक मुंबईकर चाकरमानी म्हणाला, छे हो, खंडबिंड काही नाही, सगळ्या देशांच्या झेंड्यांतले रंग घेतलेत. मग आपला केशरी कुठाय, म्हटलं, तर तो आंघोळीला निघून गेला.

मी अंगणात फळी मांडली आणि दाजी समोर येऊन बसले. झाली पंचाईत.

"खंडा पाचच कशी? अमेरिका दोन आसत ना?"

"दोन्ही मिळून एकच कडं धरतात म्हणे."

"म्हणजे वाटप झाला नाय अजून. एकत्र कुटुंब. बरा आसा. आणि ही मागची पांढरी जागा कोणाची?"

"ती... सगळ्यांची असावी."

"सामायिक," दाजींनी मान डोलावली. "आणि आपलो केशरी वगळल्यानी? मास्तरांनू, दावो लावया!"

मी आधीच बुचकळ्यात होतो, आता गरगरायला लागलं.

दावा हा शब्द दाजींच्या जिभेवरच असे, कारण त्यांचा स्वतःचा एक चालू होता. सख्ख्या धाकट्या भावावर! वसंत मुंबईला गोदीत नोकरीला. दाजींच्या घरामागे गडग्यालगत हातभर जागा आणि तिच्यात एक माड. त्या माडाला जन्मात नारळ धरला नव्हता. ती जागा वडिलांनी कोणाला दिली, यावर मालवणच्या कोर्टात दावा. इतका जुना, की वकिलांची मिशी त्यातच पांढरी झाली. शेजारी म्हणून मी साक्षीदार.

तारखेला वसंत बोटीने यायचा. आणि उतरायचा कुठे? दाजींकडे! बायको गेल्यापासून दाजी एकटे. एरवी पेजेवर भागवणारा हा माणूस तारखेच्या आदल्या दिवशी बाजारातून निवडून सुरमई आणायचा. वादी वाढतोय, प्रतिवादी जेवतोय. सकाळी दोघे एकाच छत्रीतून कोर्टात, आणि दारात छत्री मिटली की एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. मी एकदा विचारलंच, "दाजी, हे काय चाललंय?"

"झगडो कोर्टात. घरात कित्याक?"

मला ओ की ठो कळलं नाही.

तर मी रंगवत होतो. कात्रणात बारकाईने पाहिलं, तर मी अंदाजाने पिवळं धरलेलं कडं निळ्या धरलेल्यावर एका ठिकाणी वरून जात होतं आणि दुसऱ्या ठिकाणी खालून. दाजी खूश झाले. "दोगांचीय वहिवाट!" मग त्यांनी विचारलं, "हे सगळे देश एका जाग्यार येतत कित्याक?"

"एकमेकांना हरवायला."

"आणि हरवूचा नसला तर?"

"तर कशाला येतील, दाजी? आपापल्या घरी बसतील."

दाजी फळीजवळ सरकले. मग म्हणाले, "पिवळो निळ्यात आणखी जरा आत घाला."

पुढच्या तारखेला वसंत कोर्टात उभा राहिला. "साहेब, मला आता बोटीचा प्रवास झेपत नाही. ती जागा दादाची. माझा काही हक्क नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वकिलांनी दाजींचा हात दाबला. दाजी उठले.

"माझी हरकत आहे!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही जिंकलात."

"तीच हरकत आहे, साहेब. हा खोटं बोलतो. ह्याचा हक्क आहे. अर्धो माड तेचो आसा!"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी वकिलांकडे, वकील छताकडे. निकाल दाजींच्या बाजूने लागला.

बाहेर येऊन दाजी कोर्टाच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. चारचौघांत, मोठ्याने. वसंत गांगरला. "दादा, जिंकलंस ना? मगे रडतंस कित्याक?"

"आता तू खंयच्या तारखेक येतलंस रे?" दाजी म्हणाले. "तुका बोलवतलंय तरी काय सांगान? नुसता 'ये' म्हणूक माका जमणा नाय."

वसंताने पिशवी खाली ठेवली आणि दादाला खेटून बसला. बोटीची वेळ होत आली होती, तरी उठेना.

"अपील कर," तो म्हणाला. "मी येतलंय."

जिंकलेल्या माणसाने अपील करायचं ते कशावर, हे मला कळेना, वकिलांनाही कळेना. दाजी मात्र उपरण्याने डोळे पुसत त्यांच्या मागे लागले होते, "वकीलसाहेब, तारीख कधी पडतली?"