इनासकाकांचा गेस्ट

इनासकाकांच्या घरात शिरताना पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं, हे आमच्या बिल्डिंगमध्ये आता गॅसवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. दार उघडलं की काका आधी हात आडवा धरतात, चपला बाहेर काढायला लावतात आणि म्हणतात, "उचलू नका. सरकत या." मग आपण शेवाळलेल्या पायरीवरून जावं तसे जपून, फरशीला तळवे न सोडता सोफ्यापर्यंत पोचतो. बसण्याआधी उशी उचलून खाली बघायचं. बसल्यावर पाय हलवायचा झाला तर सांगून हलवायचा. हे सगळं कशासाठी, तर घरात कुठेतरी पेद्रू फिरत असतो.

पेद्रू म्हणजे हॅमस्टर. मुठीत मावेल एवढा, ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाचा, शेपूट असून नसल्यासारखी. हे प्राणी पिंजऱ्यात पाळतात, हे काकांनाही माहीत आहे. पिंजरा त्यांच्याकडे आहेही. बाल्कनीत वाळत घातलाय. मधले काही दिवस सोडले, तर मी रुवीतल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आले त्या उन्हाळ्यापासून तो वाळतोच आहे, आणि मस्कतच्या उन्हात ओली चादर चहा होईपर्यंत कडक होते.

त्याचं झालं असं. वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब घाईघाईत कायमचं गावी परतलं आणि जाताना हा पिंजरा, आतल्या ऐवजासकट, खाली कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवून गेलं. उन्हाळ्याचे दिवस. काका ड्युटीवरून परतत होते. त्यांनी पिंजरा वर आणला, आतल्या प्राण्याला बाथरूममध्ये टॉवेलवर ठेवलं आणि पिंजरा घासायला घेतला. पिंजरा वाळेपर्यंत त्याला जरा मोकळं असू दे, असं ते तेव्हा म्हणाले होते.

आता काकांचं काम सांगायला हवं. इनास लोपीस, मूळचे वसईचे, इथल्याच अल् खुवैर भागातल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगचे सुपरवायझर. ऐन तारुण्यात इथे आले ते लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायला, आणि चढत चढत दुसऱ्यांच्या चादरी तपासायला लागले. त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्या उजव्या तर्जनीला घाबरतात. ती तर्जनी दाराच्या चौकटीवरून, पंख्याच्या पात्यावरून, टेबलाच्या खालच्या कडेवरून फिरते आणि मग काका ती त्या पोराच्या डोळ्यांसमोर धरतात. बोलत काही नाहीत. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा बोलता बोलता ती तर्जनी आमच्या टीव्हीच्या मागे गेली. मी तेव्हापासून टीव्हीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा स्वच्छ ठेवते.

अशा माणसाने घरात उंदरासारखं काहीतरी मोकळं सोडावं, हे आम्हाला कळेना. पण काकांनी ते कामही हॉटेलच्या शिस्तीत केलं. पेद्रूला ते पाळीव प्राणी म्हणत नाहीत, गेस्ट म्हणतात. गेस्ट वायरी कुरतडतो म्हणून साऱ्या वायरी प्लास्टिकच्या नळीत गेल्या. फ्रिजमागची फट लाकडी पट्टीने बंद झाली. सोफा विटांवर चढला. प्रत्येक दाराखाली टॉवेलची गुंडाळी आली. गेस्टला उकाडा सोसत नाही म्हणून एसी अखंड चालू. एरवी पंख्यावर भागवणारे काका आता स्वतःच्याच घरात स्वेटर घालून बसतात. वॉशिंग मशीन लावण्याआधी एकेक कपडा झटकून बघतात. हॉटेलात टॉवेलचे हंस करून पलंगावर ठेवतात ना, तसा एक हंस रोज कपाटाखाली ठेवलेला असतो. दिवसभर पेद्रू त्या हंसाच्या पोटात झोपतो. तेव्हा कुणी मोठ्याने बोललं, की काका बोट ओठांवर ठेवून म्हणतात, "डू नॉट डिस्टर्ब."

एकदा काकांच्या नळाला गळती लागली म्हणून बिल्डिंगचे मालक प्लंबरला घेऊन आले. वयस्कर ओमानी गृहस्थ, सगळे त्यांना अर्बाब म्हणतात. तेही बिचारे वहाणा काढून पायघोळ पांढरा डिशडाशा सावरत सरकत सरकत आत आले. तेवढ्यात पेद्रू हंसातून बाहेर पडून टेबलाखालून चालता झाला. अर्बाब म्हणाले, "फार!" मला वाटलं, गळती फार आहे म्हणतायत. पण अरबीत फार म्हणजे उंदीर. काका शांतपणे म्हणाले, "नो फार, अर्बाब. गेस्ट." अर्बाबनी वाकून त्या गेस्टकडे बराच वेळ बघितलं आणि त्याचा मुक्काम किती, असं विचारलं. "इन्शाल्ला, लाँग स्टे," काका म्हणाले. पुढच्या आठवड्यात गेस्टसाठी खजुराचा डबा आला. त्यातला तांदळाएवढा तुकडा पेद्रूला मिळाला, बाकी आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

पिंजऱ्यात का ठेवत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा ते फरशीवर मांडी घालून, तळहात उताणा टेकून, त्यावर सूर्यफुलाची एक बी घेऊन बसले होते. ड्युटीवरून आले, की संध्याकाळी रोज असेच बसायचे. पेद्रू सुरुवातीला कोपऱ्यातून नुसता बघायचा. मग बी पळवून न्यायला लागला. शेवटी एकदा हातावरच बसून खाऊन गेला. काका म्हणाले, "बाय, पिंजऱ्यातला जाणार कुठे? मोकळा असून आला, तर आला म्हणायचं."

आणि ते त्याच्याशी बोलायचे. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ. मी चिपळूणची, म्हणून माझ्याशी जपून मराठी बोलणारे, हॉटेलात इंग्रजी-हिंदी बोलणारे काका पेद्रूशी मात्र त्यांच्या वसईकडच्या बोलीत बोलायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण सूर कळायचा. बाळाला न्हाऊ घालताना बायका बोलतात तो सूर.

त्याच भिंतीतून त्यांचे मुलीला केलेले फोनही ऐकू यायचे. लवीना, एकुलती एक. आईजवळ वसईला वाढली आणि नर्स झाली. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. दर रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का, पाऊस आहे का, विहिरीचा पंप चालतोय का, बरं ठेव आता. पंपाची चौकशी जेवणाच्या चौकशीपेक्षा लांबायची.

गेल्या हिवाळ्यात लवीनाला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. जाण्याआधी आठवडाभर वडिलांकडे येते म्हणाली. काका मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, "बाय, व्हीआयपी येतायत."

मग त्या घरात जे झालं ते एखाद्या देशाचा राजा उतरणार असल्यासारखं होतं. पडदे उतरले, धुतले गेले, चढले. सोफा विटांवरून खाली आला. दाराखालचे टॉवेल गेले, कारण पाहुण्यांच्या पायात येतील. आणि बाल्कनीतला पिंजरा अखेर वाळला. लवीनाला लहानपणापासून उंदरांची भीती, समोर घूस आली की पलंगावर चढून बसायची. त्यामुळे पेद्रूची रवानगी पिंजऱ्यात, आणि पिंजऱ्याची काकांच्या खोलीत. पेद्रूने रात्रंदिवस गज कुरतडले. काका पिंजऱ्याशी बसून त्याची माफी मागत होते, एवढं मला भिंतीतून कळलं.

लवीना आली. वडिलांचंच नाक, वडिलांचीच ताठ मान. तिसऱ्या दिवशी काका कामावर गेल्यावर ती माझ्याकडे चहाला आली आणि चिवड्याची बशी पुढ्यात घेऊन नुसतीच बसली. मग म्हणाली, की ती बाथरूमला जाऊन येते तोवर तिचा पलंग आवरलेला असतो. उशीवर रोज एक चॉकलेट असतं. बेसिनवर हॉटेलातल्यासारखा छोटा साबण असतो, एकदा वापरला की दुसरा येतो. पप्पा सकाळी विचारतात झोप नीट लागली का, संध्याकाळी विचारतात काही हवंय का, आणि मग दोघंही टीव्हीकडे बघत बसतात. "वाईट काहीच नाही हो काकी," ती म्हणाली. "फक्त जाताना अभिप्राय लिहून घेतील की काय, असं वाटतं." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. दोन दिवस आधीच परतावं म्हणते, असंही ती उठता उठता सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची, मगरिबची बांग होत होती आणि आमची बेल वाजली. दारात लवीना, चेहरा पांढराफटक. पेद्रू हरवला होता, आणि तिनेच त्याला सोडलं होतं.

मी तशीच तिच्याबरोबर गेले. शोधता शोधता तिने सांगितलं. आज सकाळी तिला जाग आली ती पप्पांच्या आवाजाने. उठून बघते तो त्यांच्या खोलीचं दार किलकिलं होतं. पप्पा पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसले होते आणि पेद्रूला तिच्याविषयी सांगत होते. लवू मूठ तोंडात घालून झोपायची. झोपेत नाक हलवायची. उजव्या कानामागे तीळ आहे, तो तिचा तिलाही दिसत नाही. त्यांच्या बोलीत, असं काही सलग बोलत होते, की पप्पांना एवढी वाक्यं येतात हे तिला ठाऊकच नव्हतं. ती परत जाऊन पांघरूण घेऊन पडली. दिवसभर ते डोक्यातून जाईना. संध्याकाळी पिंजऱ्यात तो गज चावताना बघून तिला राहवलं नाही. डोळे मिटून तिने पिंजऱ्याची कडी काढली आणि धावत जाऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. डोळे उघडले तेव्हा पिंजरा रिकामा होता. घरभर कुठे चाहूल नव्हती. आणि मुख्य दाराखालची फट उघडी होती.

मी जिना उतरून वॉचमनला सांगून आले. खाली कचऱ्याच्या पेटीभोवती मांजरं कायमची वस्तीला असतात, ती मी हुसकावून लावली. वर येऊन पुन्हा शोधायला लागते तोच काका ड्युटीवरून आले. आम्ही दोघी फरशीवर ओणव्या, समोर उघडा पिंजरा. लवीनाने उठून एका दमात सगळं सांगून टाकलं. काका रागावतील, म्हणून मीच मान खाली घातली.

काका तिच्याकडे वळले. "तू सोडलंस?" त्यांनी विचारलं. "स्वतःच्या हाताने?"

तिने मान हलवली. काकांनी बूट काढले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी फरशीवर पोटावर पडले आणि मोबाइलचा टॉर्च लावून सोफ्याखाली बघायला लागले. मग लवीनाही आडवी झाली. बापलेक दोन बाजूंनी सोफ्याखाली डोकं घालून शोधत होते. तिकडे आहे का, नाही, तुमच्याकडे, नाही. मला वाटतं, ती आल्यापासून त्यांच्यात एवढं बोलणं पहिल्यांदाच होत होतं. फ्रिज सरकवला. कपाटं उपसली. हंसाची घडी सोडून पाहिली. मग दाराखालच्या फटीपाशी जाऊन काकांनी तिच्यात बोट घालून बघितलं. बोट सहज पलीकडे गेलं. तिथेच ते भिंतीला टेकून बसले.

आणि लवीनाच्या खोलीतून खरखर ऐकू आली.

तिची सूटकेस भिंतीशी अर्धी उघडी होती. आत, आयर्लंडच्या थंडीसाठी घेतलेल्या नव्याकोऱ्या लोकरी स्वेटरच्या बाहीत, पेद्रू घर करत होता. कोपराच्या जागी पेरूएवढं भोक पडलं होतं, आणि काढलेल्या लोकरीची छान गादी झाली होती. काकांनी त्याला ओंजळीत उचललं, छातीशी धरलं, क्षणभर डोळे मिटले. मग त्यांची नजर स्वेटरवर गेली. ते ताडकन ताठ उभे राहिले.

"सॉरी मॅम," ते म्हणाले. "रियली सॉरी. वी विल रिप्लेस..."

आणि थांबले. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. एवढ्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. लवीना आधी हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"पप्पा," ती म्हणाली, "मी गेस्ट नाहीये."

काका तिच्या सूटकेसला टेकून खाली बसले, पेद्रूला मांडीवर सोडलं. तो दोन पावलं चालला आणि त्यांच्या शर्टाच्या बाहीत शिरला. लवीना पलंगावर पाय वर घेऊनच बसली होती. तिथून तिने विचारलं, की ती मूठ तोंडात घालून झोपायची हे त्यांना कसं माहीत. आई कधी बोलली नव्हती. आणि पप्पा तर वर्षातून एक महिना यायचे.

काका बराच वेळ स्वेटरचं भोक बोटाने चाचपत होते.

"जागी असलीस की मला बघून रडायचीस," ते म्हणाले. "ओळखायची नाहीस ना. तुझी आई म्हणायची, जरा बाजूला व्हा. म्हणून दुपारी तू झोपलीस, की येऊन बसायचो. उठेपर्यंत बघायचो. तू डोळे उघडायच्या आत बाहेर जायचं, असं ठरवलेलं."

मी दारात होते. तिथून जावं की थांबावं, मला सुचेना. लवीना पलंगावरून उतरली. एकदा त्या फुगलेल्या, हलणाऱ्या बाहीकडे बघितलं, आणि तरीही फरशीवर त्यांच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून.

"अजून सांगा," ती म्हणाली.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग ती जन्मली तो दिवस त्यांनी सांगायला घेतला. त्या दिवशी ते इथे लॉन्ड्रीत होते, हातात ओल्या चादरीचं एक टोक होतं, आणि कुणीतरी येऊन म्हणालं, इनास, घरून फोन आहे.