भोसेकर बाई आणि ‘बाकीच्या’

पहिल्याच दिवशी, दार उघडल्याबरोबर, भोसेकर बाईंनी मला हिरवं कार्ड दाखवलं.

मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली, पुण्यात येऊन जेमतेम पंधरवडा झालेला. कोथरूडच्या या सोसायटीत माझी वहिनी घरोघरी पोळ्या करते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा हात मोडलाय, प्लॅस्टर निघेपर्यंत त्यांच्याकडे राहून सगळं बघणारी कुणीतरी हवी, एवढंच तिनं सांगितलं होतं. कार्डाचं काही बोलली नव्हती. मी पिशवी छातीशी धरून उभी, आणि समोर सत्तरीच्या, आखूड केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात पुठ्ठ्याचा हिरवा त्रिकोण.

“घंटा दोनदा वाजवलीस,” बाई म्हणाल्या. “हात मोडलाय. कान शाबूत आहेत. दोन मिनिटं.”

त्यांनी चपलांच्या कपाटाजवळचं स्टूल दाखवलं. मी बसले. पिशवी मांडीवर.

“माफ करा जी, चुकलंच माझं.”

“विनाकारण माफी. आणखी दोन.”

चार मिनिटं मी त्या स्टुलावर बसून, आता परतीची गाडी कधी असेल, याचा विचार करत होते. मग बाईंनी गळ्यातली शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, “चल, ये मैदानात. चहा कर. साखर कमी.”

हळूहळू कळलं, की हे माझ्यापुरतं नव्हतं. बाई मुलींच्या एका शाळेत व्यायाम शिकवायच्या आणि हॉकीचा संघ तयार करायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पंचगिरी सुटली नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळा चौकोन म्हणजे पाच, आणि लाल गोल म्हणजे कायमचं बाहेर. हिरवं आणि पिवळं कुर्त्याच्या खिशात असायचं. लाल टेबलाच्या खणात. सिलिंडर आदळणाऱ्या माणसाला हिरवं मिळालं होतं. सोसायटीच्या सभेत दुसऱ्याचं बोलणं तोडल्याबद्दल सेक्रेटरी साहेबांना पिवळं. ते हसले आणि बोलतच राहिले, तर बाई घड्याळ धरून पूर्ण पाच मिनिटं त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. हात मोडला तोसुद्धा यापायीच. जिन्यात पाणी सांडलं होतं, वॉचमन पोछा चुकीच्या हाताने मारत होता, आणि त्याला हॉकीचा रिव्हर्स, म्हणजे काठी उलटी फिरवून मारायचा फटका, दाखवायला गेलेल्या बाई सहा पायऱ्या खाली पोचल्या. पडल्यापडल्या त्या काय म्हणाल्या, ते वॉचमन अजून सगळ्यांना सांगतो. म्हणाल्या, “मनगट चुकलं. पाय बरोबर होते.”

आणि बाईंचं आवडतं वाक्य: “अपील नाही.” भाजीत मीठ जास्त झालं, मी सांगू लागले की डबा बदलला होता म्हणून, तर “अपील नाही.” डॉक्टरांनी आणखी एक आठवडा प्लॅस्टर ठेवायला सांगितलं, तेव्हा स्वतःशीच, “अपील नाही.”

पण खरी गंमत संध्याकाळी पाचला.

पाच वाजता बाई शिट्टी वाजवायच्या आणि जेवणाच्या टेबलावर निळी चादर अंथरली जायची. हिरवी नाही. हॉकी आता निळ्या मैदानावर खेळतात, हे बाई इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगत. मग दोन फासे निघायचे आणि लीगचा सामना सुरू. आठ संघ. सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं, एकदा पूर्वार्धात, एकदा उत्तरार्धात. खडकी, कॅम्प, हडपसर, खडकवासला, कोथरूड असे सात संघ पुण्यातल्या जागांच्या नावाचे. आठव्याचं नाव नुसतं ‘बाकीच्या’. प्रत्येक संघात अकरा मुली, आणि सगळ्या बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी. आज त्यातल्या कितीतरी आज्या झाल्या असतील. टेबलावर मात्र त्या चौदा वर्षांच्याच होत्या आणि धावत होत्या.

खेळ सोपा. दोन्ही संघांसाठी आळीपाळीने फासे टाकायचे, ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे चेंडू. लागोपाठ तीनदा चेंडू टिकवला की गोल. बाईंनी डाव्या हाताने टाकून पाहिलं, तर फासे गॅलरीत गेले. म्हणून दोन्ही बाजूंनी फासे टाकायचं काम माझ्याकडे आलं. बाई पंच, आणि समालोचनही त्याच करायच्या. “खडकीची सुलभा उजवीकडून... सुलभाला दम लागतो, पण थांबत नाही... दिला मध्ये... गेला!” मी फासे हातात तसेच धरून बघत राहायची. एरवी कुणाच्या जावयाचीही चौकशी न करणाऱ्या या बाईंना कुणाचा गुडघा दुखतो, कोण पावसात घसरते, कोण गोल केल्यावर रडते, सगळं ठाऊक.

निकाल रोज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचा. “खडकी ३, कॅम्प १. सुलभाची तब्येत आता ठीक.” खाली कुणी गुलाबाचं फूल टाकायचं, कुणी हात जोडायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा “भावपूर्ण श्रद्धांजली” टाकली. बाईंनी त्यांना जिन्यात गाठून पिवळं दिलं.

‘बाकीच्या’ मात्र हरायच्या. मी आले तेव्हा या हंगामातले त्यांचे दोन सामने झाले होते, दोन्ही हरलेल्या; माझ्या हातून आणखी दोन हरल्या. मागच्या हंगामातही तळाला, त्याच्या मागच्याही. मी एकदा विचारलं, “या कोण जी, बाकीच्या?”

“ज्या शाळा सोडून गेल्या त्या,” बाई म्हणाल्या. “कुणी सातवीत, कुणी नववीत. फासे टाक.”

तेव्हापासून ‘बाकीच्यां’साठी मी फासे जरा जास्तच जोरात टाकायला लागले. मीही त्यांच्यातलीच ना. बापाने दाखला काढून आणला होता तो दिवस मला आठवतो, फार काही घडलं नव्हतं, संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी टाकली होती मी. असो.

आणि त्याच आठवड्यात बाईंनी जाहीर केलं, की आठ संघ आता पेलवत नाहीत. वय झालं, मनगट काही पूर्वीसारखं होणार नाही. पूर्वार्ध संपला की तळाचे दोन संघ बंद. सहाच ठेवायचे.

“म्हणजे त्या मुली?” मी विचारलं.

“त्या घरी जातील.”

“पण बाई...”

“अपील नाही.”

तीन सामने उरले होते. ‘बाकीच्यां’चा एकही गुण नव्हता. माझं मन उगाच सगळ्याला जोडून घेतं. त्या बंद झाल्या की माझंही इथलं संपलं, असं मी ठरवूनच टाकलं. प्लॅस्टरही त्याच सुमारास निघणार होतं. रविवारी मायचा फोन आला. “कशी हायेस व? बाई कशा हायेत?” मी म्हटलं, “बऱ्या आहेत माय. पण आमचा संघ हरून राहिला.” माय म्हणाली, “जेवण बरोबर देतात ना?”

तर त्या सोमवारी ‘बाकीच्या’ विरुद्ध खडकी. खडकीसाठी टाकलेला एक फासा टेबलाखाली गेला. बाई म्हणाल्या, “पुन्हा टाक.” मग ‘बाकीच्यां’ची पाळी आली. मी जोर केला, फासा खुर्चीच्या पायाशी. बाईंनी शिट्टी वाजवली. “चेंडू बाहेर. खडकीचा.”

मी फासा उचलायला वाकले आणि तशीच टेबलाखाली बसून राहिले. हे आजच झालेलं नव्हतं. परवाही असंच, आणि त्याच्या आधीही. फासा चटणीच्या बरणीला टेकून तिरका राहिला, की इतरांना “पुन्हा टाक”, आणि यांना “चेंडू बाहेर”. मला राग नव्हता आला. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. भीती मात्र एवढी वाटत होती, की टेबलाखालूनच विचारलं.

“बाई, यांचाच चेंडू बाहेर काहून जातो?”

मला वाटलं, गेलं काम. बाहेर येऊन बघते तर बाई भिंतीकडे बघत होत्या. त्यांनी डावा हात खिशात घातला, हिरवा त्रिकोण काढला, उंच धरला. मी निमूटपणे स्टुलाकडे निघाले.

“तू कुठे चाललीस?” बाई म्हणाल्या. “हे माझं आहे.”

आणि त्या स्वतः जाऊन चपलांच्या कपाटाजवळ स्टुलावर बसल्या. पाठ ताठ, बूट जुळवलेले. मी काय करावं ते न कळून घड्याळ हातात धरून उभी राहिले.

“या माझ्या सगळ्यांत चांगल्या मुली होत्या,” बाई स्टुलावरून म्हणाल्या. “यांना सूट देते, असं कुणी म्हणायला नको, म्हणून जरा कडक राहायचे. सवय होऊन गेली. लक्षातच आलं नाही.”

“पण म्हणणार कोण जी? घरात आपण दोघीच.”

“हो,” बाई म्हणाल्या. “आणि तू यायच्या आधी एकच.”

मग, माझ्याकडे न बघता, “मी प्रत्येकीच्या घरी गेले होते. मुलीला परत पाठवा म्हणून सांगायला. एकही घर सोडलं नाही. सगळ्यांनी चहा दिला. मंगलच्या वडिलांनी तर आलं घालून. चहा सगळीकडे चांगला होता.”

“दोन मिनिटं झाली, बाई.”

“नीट बघितलंस?”

“हो जी.”

बाई उठल्या. “आधीचे निकाल तसेच राहतील. अपील नाही. फासा पुन्हा टाक.”

मी टाकला. ‘बाकीच्या’ खडकीशी जिंकल्या, एक-शून्य. बाईंनी ग्रुपवर टाकलं तेव्हा सेक्रेटरी साहेबांनी पहिल्यांदाच फुलाऐवजी शब्द लिहिले: “कोण या? अचानक?” पुढच्या सामन्यात कॅम्पशी बरोबरी. आता लोक जिन्यात विचारू लागले. इस्त्रीवाला कपडे देताना म्हणाला, “ताई, तुमच्या मुली फॉर्मात आल्यात म्हणे.” आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना गुणतक्त्यात वर असलेला खडकवासला घसरत घसरत तळाशी गेला. “धरणवाल्याच बुडाल्या,” बाई म्हणाल्या, आणि आपल्याच विनोदाला हसल्या नाहीत.

शेवटचा सामना पहिल्या क्रमांकाच्या कोथरूडशी. जिंकलं तर सहावा क्रमांक, नाहीतर बंद. त्या दिवशी श्रद्धांजलीवाले आजोबा “साखर आहे का” विचारायला आले आणि साखर न घेता खुर्ची ओढून बसले. शेवटचा क्वार्टर संपत आलेला, बरोबरी, ‘बाकीच्यां’नी दोनदा चेंडू टिकवलेला. कोथरूडचे आठ पडले. मी फासे टाकले. एक सहावर थांबला, दुसरा गेला तो बरणीला टेकून तिरका राहिला. वरच्या बाजूला पाच दिसत होते.

“पाच,” आजोबा म्हणाले. “स्पष्ट पाच. गोल.”

“प्रेक्षकांनी बोलू नये,” बाई म्हणाल्या. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा आवाज किंचित बदलला होता. “तिरका आहे. पुन्हा टाक.”

मी डोळे मिटून टाकला. उघडले तेव्हा आजोबा टाळ्या वाजवत होते. चार. सहा आणि चार. बाईंनी शिट्टी ओठाशी नेली आणि ती वाजायला थोडा उशीर झाला.

प्लॅस्टर त्यानंतर दोन दिवसांनी निघालं. मनगट बारीक झालं होतं, पण वळत होतं. दुपारी मी स्वयंपाकघर धुऊन पुसून काढलं, पांघरुणाची घडी केली, पिशवी भरली आणि बाहेर आले. बाई खुर्चीत बसून मूठ उघडत मिटत होत्या.

“येते बाई.”

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग उठून टेबलाकडे गेल्या आणि खण उघडला. त्या खणात काय असतं, ते मला माहीत होतं. माझे कान तापले. बाईंनी आतून निळी चादर काढली, ती टेबलावर ठेवली, आणि मग खिशातून, उजव्या हाताने, हिरवा त्रिकोण.

“पंचांना न विचारता मैदान सोडणं,” त्या म्हणाल्या. “दोन मिनिटं.”

“पण तुमचा हात तर बरा झाला जी.”

“हाताचा इथे काय संबंध? बस.”

मी चपलांच्या कपाटाजवळ जाऊन बसले. पिशवी मांडीवर, पहिल्या दिवसासारखी. बाई चादर अंथरू लागल्या, एका हाताने कोपरे ओढत, पाच वाजायला बराच अवकाश असताना. ओढता ओढता पुटपुटत होत्या, समालोचनाच्याच आवाजात, पण हळू. “उत्तरार्धाला सुरुवात... ‘बाकीच्यां’च्या संघात एक बदल... राखीव खेळाडू करुणा, भंडारा... बाहेर बसलेली आहे...”

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार. घड्याळ त्यांच्याकडे होतं आणि त्या काही सांगत नव्हत्या. पंचांनी सांगितल्याशिवाय उठायचं नसतं, एवढं मला आता समजत होतं. मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि बसून राहिले.