सरांनी जोडलेला बाण

सरांनी टेबलापासून चाकांची खुर्ची मागे सरकवली आणि तिच्याखालून ‘कट्’ असा बारीक आवाज आला. वाकून पाहतात तो बायकोचा बाण.

सर म्हणजे शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या बायकोची उभी हयात इस्पितळात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे सर सोडून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायकांनी गुडघे धरले, सिस्टरांनी धनुष्य धरलं. आणि ते इतकं मनावर घेतलं, की ज्येष्ठांच्या संघाची निवड परवावर आली होती आणि मैदानावर सगळे त्यांचं नाव पक्कं धरून चालले होते. आज त्यांनी बाणांची पिसं नव्यानं चिकटवली, बाण टेबलावर वाळत ठेवले आणि त्या बाजारात गेल्या. त्यातला एक घरंगळून खाली पडला, एवढंच निमित्त.

सरांनी बाण उजेडात धरला. काळ्याभोर नळीवर केसाइतकी बारीक चीर गेली होती. दुसऱ्या कोणाला घाम फुटला असता. सरांनी बाह्या सरसावल्या. मोडलेलं फेकायचं नाही, जोडायचं, हे त्यांनी किती वर्गांच्या डोक्यात भरलं होतं. त्यांनी दोन ट्यूबमधला चिकट मसाला कालवून चिरेत भरला, रात्रभर वाळवला, पॉलिशपेपरनं घासून सपाट केला आणि वर काळा रंग चढवला. सकाळी सिस्टर उठायच्या आत बाण भात्यात इतर बाणांच्या रांगेत जाऊन बसला.

आता खरं तर प्रकरण मिटलं होतं. पण इतकं सुबक काम हातून व्हावं आणि ते कोणाला दाखवता येऊ नये, हे दुःख सरांना सोसवेना. सिस्टर उद्याच्या निवडीसाठी पाठीवर लावायचा क्रमांक आणायला मैदानावर गेल्या तशी सरांनी सिस्टरांना धनुष्यबाण शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षिकेला फोन लावला. ही मुलगी शाळेत त्यांच्याच हाताखाली रंधा मारायला शिकली होती.

“बोला सर.”

“काही नाही गं, सहज. समजा, एखाद्याचा कार्बनचा बाण तडकला. जोडता येतो का?”

“नाही.”

“म्हणजे कोणी जोडत नाही, की जोडता येत नाही?”

“पिसं बदलता येतात, टोक बदलता येतं, शेपटाची खाच बदलता येते. नळी तडकली की विषय संपला. सर, बाण सुटताना आधी वाकतो. नळी म्हणजे कार्बनचे धागे घट्ट चिकटवून केलेली. ते धागे तुटले की वरून कितीही लिंपा, तो जोर झेपत नाही. मग बाण धनुष्यावरच फुटतो आणि तुकडे हातात घुसतात. कधी कधी आरपार.”

सरांचा आवाज जरा खाली आला. “पण एखाद्या जाणत्या माणसानं अगदी मन लावून जोडला असेल तर?”

“मग तर जास्तच वाईट. चीर दिसणारच नाही ना.”

सर स्टुलावर बसले.

“आणि कुठला जोडलाय तेच कळत नसेल तर?”

“दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायचा आणि कान द्यायचा. करकरला की बाद. तरी शंका राहिली तर एकही वापरायचा नाही. तडकलेला तर मी मोडूनच टाकायला सांगते, नाहीतर कोणीतरी परत उचलतं. का हो सर, कोणाचा तडकला?”

“छे छे. असंच, वाचत होतो.”

सरांनी भाता रिकामा केला. चष्मा लावून पाहिलं, भिंग धरून पाहिलं, डोळे मिटून नखानं चाचपलं. सगळे बाण एकाच आईची लेकरं. आपलं काम थोडं गचाळ झालं असतं तर किती बरं झालं असतं, असं सरांना जन्मात पहिल्यांदाच वाटलं. मग त्यांनी एकेक बाण कानाशी धरून वाकवला. पण करवतीच्या आवाजात ते कान सरांच्याही आधी निवृत्त झाले होते. प्रत्येक बाणाला काहीतरी करकरत होतं खरं, पण ते त्यांचंच मनगट होतं.

बायकोला सांगावं? सर तिला ओळखून होते. अंगात ताप असताना रात्रपाळी करणारी बाई ती. “एका बाणासाठी निवड सोडू की काय? बघू उद्या,” म्हणेल आणि उद्या दोरी खेचेल. धनुष्य धरलेला तिचा हात सरांच्या डोळ्यांपुढे आला. नवे बाण मागवायलाही आता वेळ नव्हता. निवड बुडणार होती, पण हात तरी शाबूत राहील.

सरांनी तोंडाला रुमाल बांधला, पहिला बाण लोखंडी पकडीत आवळला आणि करवत चालवली. मग दुसरा. निदान जोडलेला सापडला तर उरलेले वाचवता येतील म्हणून प्रत्येक कापाशी ते थांबून बघत. एकातही मसाला दिसेना. भाता संपला तेव्हा सर तुकड्यांच्या ढिगापाशी फतकल मारून बसले होते, आणि तळहातात एक काळं कुसळ रुतलं होतं.

सिस्टर दारात उभ्या राहिल्या. ढीग पाहिला, सरांचं तोंड पाहिलं, मग हात पाहिला. आत जाऊन चिमटा घेऊन आल्या.

“हलू नका. आता सांगा.”

सरांनी सांगितलं. खुर्ची, मसाला, रंग, फोन, सगळं.

“तो मी सकाळीच काढला,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही आंघोळीला गेला होतात. स्पर्धेआधी बाण काट्यावर घालते मी. एक जड भरला. म्हटलं, रात्रीतून याला बाळसं कसं आलं? मोडून टाकला कचऱ्यात.”

“मग मला बोलली नाहीस?”

“म्हटलं, आपणहून सांगतात का बघू. एक गेला तरी उद्याचं भागत होतं माझं. एक कमी आहे, हे दिसलं नाही तुम्हाला?”

“मोजले नाहीत.”

“आयुष्यभर पोरांना मापं शिकवलीत.” त्यांनी चिमटा रोवला. सर कळवळले. “माझ्या हातासाठी केलंत, म्हणून बोलत नाही फार. निवड काय, पुढच्या वर्षी. मी कुठे जात नाही.”

कुसळ निघालं. सिस्टरांनी औषध लावलं, पट्टी बांधली आणि सरांच्या दुसऱ्या हातात फोन ठेवला.

“आता तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, मी उद्या का येत नाही ते. पहिल्यापासून सांगा. तुम्हाला फार मानते ती.”

सरांनी फोनकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कुसळाकडे पाहिलं.

“अगं,” ते म्हणाले, “हे परत आत घालता येतं का?”