मिशीवाला अश्रफ आणि इतर एकशे त्रेसष्ट

दुबईत देऱ्यातल्या त्या ऑफिसात दोनच माणसं होती. एक मालक फरदीनशेठ आणि दुसरा सुदेश गवाणकर. रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्याला खोकी आणि पट्ट्या पुरवायचं वर्षाचं कंत्राट यंदा पुन्हा मिळालं नाही, तर ऑफिसातला एक माणूस कमी करावा लागेल, असं शेठनी गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. कोणता माणूस, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पण ट्रेड लायसन्स त्यांच्या नावावर होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकायला सुरुवात केली. नवा आला तो लिनक्सवाला. विंडोज हवं असेल तर वर चारशे दिरहॅम, असं दुकानदार म्हणाला. सुदेशनं मनातल्या मनात त्याचे नऊ-दहा हजार रुपये केले, तोवर शेठनी मोठ्यानं ‘खलास’ म्हणून विषय संपवला होता.

सुदेशची एकोणीस वर्षांची नोकरी थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रामात होती. सगळ्या मेल, सगळे पत्ते, सगळी भांडणं. ती नव्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची, हे त्यानं अबुधाबीला बँकेच्या आयटी विभागात असलेल्या चुलतभावाला, विघ्नेशला विचारून ठेवलं होतं.

“दादा, प्रोफाइल म्हणून एक फोल्डर असतो. तो जसाच्या तसा उचलायचा आणि नव्यावर ठेवायचा. बाकी कशालाही हात लावायचा नाही,” विघ्नेश म्हणाला होता.

मंगळवारी सकाळी सुदेशनं तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. शिवाय हाताशी असावी म्हणून पत्त्यांची एक वेगळी यादीही काढून घेतली. नव्या कॉम्प्युटरवर फोल्डर कुठं ठेवायचा ती जागा मात्र त्याला सापडेना. लिनक्स असल्या जागा लपवून ठेवतं, हे विघ्नेश सांगायला विसरला होता आणि आता तो मीटिंगमध्ये होता. सुदेशनं थंडरबर्ड उघडून पाहिलं. आत कोणी राहायलाच आलं नसावं असा तो प्रोग्राम मोकळा होता.

साडेनऊला शेठ आले. ईदला ऑफिस कधी बंद, कधी चालू, ते सगळ्या गिऱ्हाइकांना आत्ताच्या आत्ता कळवायचं होतं.

“कॉम्प्युटर नया है, शेठ. थोडा टाइम...”

“नया है तो फास्ट होगा. यल्ला, जल्दी,” शेठ म्हणाले आणि समोरच खुर्ची ओढून बसले.

समोर मालक बसल्यावर माणूस जे करतो तेच सुदेशनं केलं, काहीतरी केलं. ऑफिसच्या मेलचा पासवर्ड घातला आणि पत्त्यांची ती वेगळी यादी प्रोग्रामात ओढून घेतली. प्रोग्रामनं सभ्यपणे विचारलं, यातला कोणता रकाना म्हणजे माणसाचं नाव?

इथं थोडं थांबून सुदेशच्या कामाची पद्धत सांगायला हवी. त्याच्या गिऱ्हाइकांत तीन अश्रफ होते, चार अब्दुल रहमान होते आणि अनिलांची तर मोजदादच नव्हती. पहिल्याच वर्षी एका अश्रफची खोकी दुसऱ्या अश्रफच्या दारात पडली, तेव्हापासून त्यानं टोपणनावाच्या रकान्यात प्रत्येकाची मराठीतून खूण लिहायला सुरुवात केली. ‘मिशीवाला अश्रफ’, ‘मिशी काढलेला अश्रफ’, ‘चहा न विचारणारा अश्रफ’. ‘खाली पोचलोय अब्दुल रहमान’, जो त्या वेळी घरूनही निघालेला नसे. ‘मास्तरीण सुमैय्या’, कारण ती खरेदीच्या ऑर्डरीसोबत त्याच्या इंग्रजीच्या चुका परत पाठवी. हा रकाना त्याच्याशिवाय कोणालाही दिसत नसे.

तेव्हा प्रोग्रामनं नाव कोणतं असं विचारल्यावर सुदेशनं क्षणाचाही विचार न करता त्याच रकान्यावर बोट ठेवलं. त्याच्या लेखी या माणसांची नावं तीच होती. मेल लिहिली, एकशे चौसष्ट पत्ते एकाखाली एक घातले आणि नऊ वाजून पन्नास मिनिटांनी ती पाठवून दिली. प्रत्येकाला स्वतःचं नाव दिसेल आणि इतर एकशे त्रेसष्टांचंही, अशा बेतानं.

दहा वाजता विघ्नेश मीटिंगमधून सुटला. त्यानं फोनवरून लपलेली जागा दाखवली, फोल्डर बसवला, प्रोफाइल निवडायला लावलं. एकोणीस वर्षांच्या मेल भराभर आत आल्या. नावं नावाच्या जागी, टोपणनावं टोपणनावांच्या जागी. इतकं नीटनेटकं काम हातून झाल्याचं सुदेशला आठवत नव्हतं.

दहा वाजून सात मिनिटांनी अल कुसैसहून किसन खोपडेचा फोन आला. किसनचं तिथं हार्डवेअरचं दुकान होतं.

“सुदेशभाऊ, ‘फोन न ठेवणारा किसन’ म्हणजे मीच ना?”

सुदेशनं ती पाठवलेली मेल पुन्हा उघडली आणि पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचली.

“मी नाही हो रागावलो. खरं आहे ते. बायकोही तेच म्हणते,” किसन म्हणाला आणि पुढची बावीस मिनिटं त्यानं आपण का रागावलो नाही ते सांगितलं. जाता जाता हेही सांगितलं, की शेजारच्या दुकानातल्या दोघातिघांनी अर्थ विचारला म्हणून त्यानं सगळी यादी हिंदीत करून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकली आहे. माणूस परोपकारी होता.

मग दुपारपर्यंत ऑफिसला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. मिशी काढलेल्या अश्रफनं फक्त एवढंच विचारलं, की मिशी बरी दिसत होती का? चहा न विचारणाऱ्या अश्रफनं ड्रायव्हरच्या हाती भलामोठा थर्मास धाडला. सोबत निरोप होता की यादी दुरुस्त झाल्याचं कळवा. सुमैय्यानं नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं ईदच्या मेलमधल्या तीन चुका लाल करून पाठवल्या. दारात येऊन अब्दुल रहमान म्हणाला, “मैं नीचे पहुँचा था, इसलिए ऊपर आ गया.”

फरदीनशेठ चहा पीत शांतपणे सगळं बघत होते. मग एकदम त्यांचा कप खाली आला.

“सुदेश. हमदुल्ला का क्या नाम लिखा है?”

हमदुल्ला म्हणजे रास अल खैमाच्या कारखान्याचे खरेदी मॅनेजर. कंत्राट त्यांच्याच सहीचं. सुदेशनं यादी खाली सरकवली आणि खुर्चीत मागे टेकला. तिथं लिहिलं होतं, ‘हमदुल्ला साहेब’. चौदा वर्षांत त्या माणसाला खाजगीतही नाव ठेवायची त्याची छाती झाली नव्हती. शेठनी आभाळाकडे हात केले.

एक वाजता हमदुल्लांचा फोन आला. सुदेशनं तो उभं राहून घेतला.

“लिस्ट देखा मैंने,” हमदुल्ला म्हणाले. आवाज जड होता. “सबका नाम है. वो अश्रफ, दो साल से आया है, उसका नाम है. मैं चौदह साल से हूँ.”

“सर, आपका तो रिस्पेक्ट से...”

“रिस्पेक्ट तो कस्टमवाले भी देते हैं. तुमने मुझको अपना समझा ही नहीं. पहले मेरा नाम बताओ, फिर कॉन्ट्रॅक्ट का बात करेंगे.”

सुदेशनं शेठकडे पाहिलं. शेठनी दोन्ही हातांनी काहीतरी गोड, काहीतरी मोठं अशी खूण केली. ‘दिलदार’ जिभेवर आलं, पण तसं कोणाचंच नाव यादीत नव्हतं आणि फोनवरच्या माणसानं यादी नीट वाचली होती. खोटं पकडलं जाईल आणि खरं बोललं तर नोकरी जाईल. डोक्यात चौदा वर्षं हमदुल्लांच्या तोंडून ऐकलेलं एकच वाक्य घुमत होतं. तोंडानं डोक्याला न विचारता ते बोलून टाकलं.

“‘सोमवारी सांगतो हमदुल्ला’, सर.”

“मतलब?”

सुदेशनं मतलब सांगितला. फरदीनशेठनी डोळे मिटून घेतले. मग फोनमधून एक घरघर सुरू झाली आणि ती वाढत वाढत इतकी मोठी झाली, की शेठनी डोळे उघडले. हमदुल्ला हसत होते.

“मेरी बेगम सुनेगी तो तुमको दावत देगी,” ते कसेबसे म्हणाले. “लिख दो. यही नाम लिख दो, हबीबी. और कॉन्ट्रॅक्ट पर मैंने कल ही साइन कर दिया है.”

सुदेशनं खुर्चीचा हात घट्ट धरला. “शुक्रिया, सर. भेजेंगे कब?”

काय बोलतोय हे हमदुल्लांच्याही लक्षात आलं नसावं, इतक्या सहज उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

“पेपर कब आएगा?” शेठनी अधीरपणे विचारलं.

सुदेशनं भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन सोमवारच्या तारखेवर बोट ठेवलं.